‘सेट’ या एकाच इंग्रजी शब्दाला इतके अर्थ कसे?

प्रश्न:
अनुवादाचा सराव करताना मी ‘सेट’ या शब्दापाशी वारंवार अडखळतो. सूर्य मावळणे, सिमेंट घट्ट होणे, प्रश्नपत्रिका काढणे, गजर लावणे, हाड बसवणे, शिवाय गणितातील संच, या सर्वांना इंग्रजीत हा एकच शब्द पुरतो. यांना जोडणारे काही सूत्र आहे, की प्रत्येक अर्थ पाठच करावा लागेल?

उत्तर 1:
सूत्र आहे, आणि मराठी भाषकाला ते सहज उमजेल. ‘सेट’ हे क्रियापद मुळात ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे, ‘बसणे’वरून आपण ‘बसवणे’ करतो, अगदी तसेच. ‘फॉल’ आणि झाड पाडण्यासाठीचे ‘फेल’ ही इंग्रजी जोडीदेखील आपल्या ‘पडणे-पाडणे’सारखी स्वर बदलून झालेली आहे. त्यामुळे सांध्यातून निसटलेले हाड असो की अंगठीतला खडा, इंग्रजी जिथे ‘सेट’ म्हणते तिथे मराठीही ‘बसवणे’च म्हणते, आणि ही समांतरता मला फार सुंदर वाटते. राहिला सूर्य. जुन्या इंग्रजीत सूर्यास्तासाठी जो शब्द होता, त्याचा शब्दशः अर्थ ‘आसनाकडे जाणे’ असा होतो. म्हणजे तिथेही दिवसभर चाललेला सूर्य अखेर बसतोच.

उत्तर 2:
वरील विवेचन क्रियापदापुरते योग्य आहे, परंतु संच या अर्थाचे नाम त्यात ओढू नये. ते जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘सेक्टा’ या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ अनुयायांचा समुदाय असा होता. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ हा शब्दही तिथलाच. पुढे उच्चारसाम्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आणि ‘एकत्र मांडलेल्या वस्तू’ ही छटा क्रियापदाकडून नामाकडे आली. एकच भासणारा शब्द प्रत्यक्षात दोन असू शकतो, हे लक्षात न घेता सूत्र शोधले की ओढाताण होते.

उत्तर 3:
अर्थांच्या संख्येविषयी थोडे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ नोंदवलेले होते आणि ती नोंद सुमारे 60,000 शब्दांची होती. पुढील सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाने 645 अर्थांसह त्याला मागे टाकले. मात्र एखादी छटा स्वतंत्र अर्थ मानायची की जुन्याच अर्थाचा विस्तार, हे कोशकार ठरवतो, म्हणून या आकड्यांनी दडपून जाऊ नये. अनुवाद करताना मी तरी आधी वाक्यातील कर्ता आणि कर्म पाहतो: कर्ता सिमेंट असेल तर ते घट्ट होते, कर्म गजर असेल तर तो लावला जातो. आपले ‘लावणे’ दिवा, झाड, दार आणि अर्थ या सर्वांना चालते, तरी आपण कधी गोंधळत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ सांगून टाकतो.