शोधलेखांना वर्गांक हवाच कशाला?

पानगळ: विद्यापीठांच्या डिजिटल भांडारांत प्रत्येक शोधलेखाला ड्युई वर्गांक, म्हणजे मेल्विल ड्युईच्या दशांश पद्धतीतला विषयक्रमांक, देण्याचा हट्ट आता सोडावा. पुस्तक कोणत्या फडताळात लावायचे हे वर्गांक सांगतो; लेखाला फडताळच नाही. शोधपेटीत शब्द टाकला की लेख पुढ्यात येतो.

निवृत्त ग्रंथपाल: हे वाचून राहवले नाही. 'ज्ञानेश्वरी' असे शोधल्यास ज्या लेखात केवळ 'भावार्थदीपिका' म्हटले आहे तो आपल्याला दिसणार नाही, आणि पीडीएफ नुसतीच स्कॅन केलेली असेल तर आतला मजकूर शोधात येणारच नाही. वर्गांक असे लेख एकत्र आणतो. शिवाय पुस्तकाला एकच जागा द्यावी लागते. ज्ञानेश्वरीच्या भाषेवरील लेखाला मात्र 491.46 (मराठी भाषा) आणि 891.461 (मराठी काव्य) हे दोन्ही वर्गांक देता येतात, गीताभाष्य म्हणून 294.5924 सुद्धा.

कोलनवादी: त्या 294 चेच बोला. ड्युईने 1876 साली धर्माच्या वर्गातील 220 ते 280 ख्रिस्ती धर्माला देऊन बाकी सर्व धर्म 290 मध्ये कोंबले, आणि आपण आजही ते निमूटपणे वापरतो. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची कोलन पद्धती, जी विषयाचे पैलू सुटे करून त्यांच्या जोडणीतून वर्गांक बनवते, 1933 पासून उपलब्ध आहे, आणि लेखांसारख्या सूक्ष्म विषयांना तीच शोभते.

निवृत्त ग्रंथपाल: रंगनाथन आम्हालाही पूज्य आहेत. पण कोलनची सातवी आवृत्ती 1987 ची आहे. आजचे विषय तिच्यात कुठे बसवणार?

कोलनवादी: हा दोष पद्धतीचा नव्हे, तिला वाऱ्यावर सोडणाऱ्या आपल्या पिढीचा आहे.

निवृत्त ग्रंथपाल: आमच्या पिढीने हाताने कार्डे लिहिली, महाशय. आपण काय केलेत ते कळू द्या.

पानगळ: धर्मयुद्ध आटोपले असेल तर मुद्द्यावर येऊ. मी पूर्वी होतो त्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार म्हणून सगळे लेख घाईघाईने चढवले गेले आणि कांद्याच्या बाजारभावापासून दलित आत्मकथनांपर्यंत सर्वांना 'मानव्यविद्या' हा एकच विषय लागला. ग्रंथपालाचे पद तेव्हा रिक्तच होते. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ॲनिफ हे मुक्त संगणकीय साधन मजकूर वाचून विषय सुचवते. ते काम यंत्रालाच करू द्यावे.

निवृत्त ग्रंथपाल: ॲनिफला शिकवण्यासाठीही आधी माणसांनी विषय लावलेल्या नोंदी लागतात. मराठी लेखांच्या तशा नोंदी आपण केल्याच नाहीत, तर ते शिकणार कशावरून?

पानगळ: बरे, यंत्र शिकेपर्यंत आपले वर्गांक मान्य. रिक्त पदे भरण्याचा अर्ज मात्र आपणच करावा.

कोलनवादी: आणि त्या नोंदींत ड्युईच लावलात, तर यंत्रही आपल्याला 290 मध्येच कोंबायला शिकेल.