मदत हवी आहे : आनंद मेळाव्यातला ‘नफा’ मुलांना कसा समजावता?

नमस्कार मंडळी, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. दरवर्षी आमच्याकडे बाल आनंद मेळावा भरतो. भेळ, वडापाव, लिंबू सरबत, परसातली मेथी, सगळं विकायला असतं. गल्ला मोजला की पोरं नाचतात, “बाई, 300 रुपये नफा!” बेसन, तेल, गॅस घरचा आणि पहाटे उठून वडे तळणारी आई फुकट! पुस्तकातली नफा-तोट्याची उदाहरणं हीच मुलं धडाधड सोडवतात बरं का. स्वतःच्या वड्याचा भाव मात्र “शेजारी दहाला देतायत म्हणून दहा.”

यंदा प्रत्येक गटाला थोडं भांडवल उसनं द्यायचा विचार आहे. जमाखर्चाची वही ठेवायची, उसने पैसे फेडायचे आणि उरतील ते पोस्टात. दहा वर्षांवरच्या मुलाला तिथे स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं, पण सुरुवातीला 500 रुपये लागतात. घोडं अडतंय ते तिथेच.

कुणी असं केलंय का? आईच्या मेहनतीचे पैसे हिशेबात कसे धरलेत? एखाद्या गटाला तोटा झाला तर वसुली करायची का? गरिबाघरच्या पोराकडून मागणं मला पटत नाही, पण सोडून दिले तर ते उसनं कसलं! आणि क्यूआर कोड ठेवू द्यावा का? पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे त्या निमित्ताने पालकांनाही कळेल.

वहीचा तयार नमुना असेल तर फोटो टाका, प्लीज.