मँचेस्टरचा अँकोट्स भाग पायी बघायचाय, कुठून सुरुवात करू?

चाळ नंबर तीन:

नमस्कार. माझा मुलगा मँचेस्टरला नोकरीला आहे. मे महिन्यात तीन आठवडे त्याच्याकडे जातेय. तो म्हणतो, आई, तुला लंडन दाखवतो. मला गिरण्या बघायच्या आहेत.

माझे वडील इथं सोलापुरात गिरणीत होते, त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, एकतीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. तरी एक शब्द ते इंग्रजीत लिहायचे: ओल्डहॅम. त्यांच्या रिंगफ्रेमच्या बिडावर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी ओतीव अक्षरं होती. रोज मशीन पुसताना त्यावरून फडकं फिरायचं, तशी ती हाताला पाठ झाली. सुट्टीच्या दिवशी आमच्या पाटीवर काढून दाखवायचे आणि म्हणायचे, हे आमच्या मशीनचं माहेर. पुढं गिरणी बंद पडली. हक्काचे पैसे यायला इतकी वर्षं गेली की आईला ते बघायला मिळाले नाहीत.

मुलगा म्हणतो ओल्डहॅम तिथून जवळच आहे, आणि अँकोट्स हा जुन्या गिरण्यांचा भाग तर स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. गुडघे दुखतात, सलग तासभर चालवत नाही. आणि नुसत्या इमारती नकोत. माणसं कशी राहायची, पाणी कुठं भरायची, देवाला कुठं जायची, ते कळेल असं काही आहे का? माहीत असेल त्यांनी सांगा की.

विजापूर वेस:

ताई, मी मूळचा विजापूर वेशीतला, आता नऊ वर्षं मँचेस्टरला. अँकोट्समधूनच सायकलने कामाला जातो. तुमचा प्रश्न वाचून आधी आमच्या आजोबांची आठवण आली, तेही गिरणीतच होते, बदली कामगार.

पिकॅडिली स्टेशनवरून सावकाश रेडहिल स्ट्रीटला या. एका हाताला रॉचडेल कालवा, दुसऱ्या हाताला गिरण्यांची विटांची भिंत, मान दुखेपर्यंत उंच. त्यातली मरे बंधूंची जुनी गिरणी १७९८ ची. आपल्याकडे अजून पेशवाई होती आणि इथं वाफेवर सूत निघत होतं! ॲडम आणि जॉर्ज मरे हे दोघे भाऊ स्कॉटलंडहून आलेले. त्यांनी चौकोनात इमारती उभ्या केल्या, मधल्या अंगणात बोटींसाठी पाण्याची गोदी खणली आणि ती रस्त्याखालच्या बोगद्याने कालव्याला जोडली. कालवा १८०४ मध्ये पूर्ण झाला. आता त्या गिरणीत लोक राहतात, त्यामुळे बाहेरूनच बघायचं. शेजारी मॅकॉनेल आणि केनेडी यांच्या गिरण्या. त्यांची सेजविक मिल आठ मजली आहे, १८२० पर्यंत बांधून झालेली. रॉयल मिल त्या मानानं अलीकडची, १९१२ ची.

या गिरण्यांमध्ये मुख्य काम बारीक सूत काढण्याचं. म्हणजे तुमच्या वडिलांचंच खातं, ताई. कोरड्या हवेत बारीक सूत तुटतं, म्हणून आत उकाडा आणि दमट हवा. तुटलेले धागे जोडायला आणि चालू यंत्राखाली शिरून कापूस झाडायला लहान मुलं ठेवायचे. कार्ल मार्क्सचा सहकारी एंगल्स १८४२ मध्ये मँचेस्टरला आला, त्यानं हा भाग स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिलंय. मरे गिरणीच्या कडेच्या गल्लीची पाटी तेवढी वाचा: बेंगॉल स्ट्रीट. बंगालच्या मलमलीचं पुढं काय झालं हे आपल्याला शाळेत शिकवलंय. त्या पाटीशी माझी सायकल अजूनही हळू होते.

आता घरांचं. ओल्डहॅम रोडच्या बाजूला व्हिक्टोरिया स्क्वेअर आहे. १८९४ मध्ये नगरपालिकेनं बांधलेली पाच मजली इमारत, मध्ये अंगण, अंगणाकडे तोंड करून गॅलऱ्या, आणि त्या काळी मोरी-संडास शेजाऱ्यांत सामाईक. चाळीत वाढलेल्या माणसाला तिथं वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. जवळच अनिता स्ट्रीट, दोन्हीकडे लाल विटांची दुमजली घरं. घरात पाणी आणि संडास असणं ही तेव्हा एवढी मोठी गोष्ट होती की गल्लीचं नावच ठेवलं सॅनिटरी स्ट्रीट. पुढं लोकांना ते नाव नकोसं झालं, तेव्हा इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं एक आणि शेवटची दोन अक्षरं काढून टाकली. उरलं अनिता. मला अख्ख्या अँकोट्समध्ये हीच गल्ली सगळ्यात जवळची वाटते.

मग कटिंग रूम स्क्वेअरला बसा, गुडघ्यांना आराम. समोर सेंट पीटर्स चर्च, १८५९ चं. आता तिथं हॅले ऑर्केस्ट्रा तालमी करतं. या भागात आयरिश खूप होते, नंतर इटालियन आले. ते घरी आइस्क्रीम करून गाड्यावर विकायचे. फिरताना भिंतींत बसवलेली पितळी भोकं दिसली तर डोळा लावून बघा. आत बंद करून टाकलेल्या जुन्या जागा दिसतात.

अक्कलकोट रोड:

ताई, आमचं घर पद्मशाली विणकराचं, त्यामुळं सूत झालं की मला साचे, म्हणजे माग, आठवतात. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेलो तेव्हा मँचेस्टरजवळच्या लँकेशायर भागातल्या बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल बघून आलो. वाफेच्या इंजिनावर चालणारी विणकामाची जुनी शेड आहे. इंजिनाचं नाव ‘पीस’, म्हणजे शांतता, पहिल्या महायुद्धानंतर ठेवलेलं. लँकेशायर साच्यांच्या रांगाच्या रांगा. त्यातले थोडेच चालू केले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तिथल्या बायका म्हणे ओठ बघून बोलणं ओळखायच्या. माझी आई आमच्या कारखान्यात तेच करायची, हे मी तिथं उभं राहून लेकीला सांगितलं. वर्षभर उघडी नसते, आधी चौकशी करून जा.

ओल्डहॅमला जाणार असाल तर अलेक्झांड्रा पार्क चुकवू नका. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. मग आपला कापूस नेला. त्याला ते सरसकट ‘सुरत’ म्हणायचे. आखूड धाग्याचा, यंत्रावर सारखा तुटायचा, कामगार वैतागायचे. त्या वर्षांत बेकार गिरणी कामगारांना मजुरी मिळावी म्हणून हे उद्यान बांधायला घेतलं. १८६५ मध्ये ते खुलं झालं. झाडं बघायला सगळेच जातात, तुम्ही त्या हातांसाठी जा.

आणि एक. १९३१ च्या जानेवारीत आपले सोलापूरचे चार हुतात्मे फाशी गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले. विलायती कापडावरच्या आपल्या बहिष्कारानं ज्यांच्या पोटाला चिमटा बसला होता त्यांनाच भेटायला. गिरणीतल्या बायका त्यांना घेरून हात उंचावून उभ्या आहेत, तो फोटो मुलाला दाखवा.

चाळ नंबर तीन:

दोघांचेही खूप खूप आभार. सगळं वहीत उतरवून घेतलंय. अनिता स्ट्रीटचं वाचून रडू आलं. आमच्या चाळीत चाळीस बिऱ्हाडांना दोन नळ होते. वडिलांची एक लाकडी बाबीन, सूत गुंडाळायची, माझ्याकडे आहे, तळाला पितळी कडं असलेली. ती सोबत घेऊन जाणार आहे. दादा, ओल्डहॅमला कसं जायचं? आणि प्लॅटचा कारखाना नेमका कुठं होता?

विजापूर वेस:

व्हिक्टोरिया स्टेशनवरून ट्रॅम आहे ताई, ओल्डहॅम मम्प्सला उतरायचं. प्लॅटचा मोठा कारखाना वेर्नेथ भागात होता, एकेकाळी कापडयंत्रं बनवणारा जगातला सगळ्यात मोठा. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या रस्त्यानं आपण जाऊ शकतो. रविवारी मला सुट्टी असते, मीच सोबत येतो. बाबीन पिशवीत नको, हातात असू द्या.