जत्रेतला पाळणा मोडला तर भरपाई कोणी द्यायची?

म्हापशेकार
गेल्या हंगामात गोव्यात बार्देशातल्या एका जत्रेत माझ्या भाचीचा खांदा मोडला. ब्रेकडान्स नावाच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्याच्या चालू फेरीत पुढच्या दांड्याची कडी सुटली आणि पोर बाहेर फेकली गेली. पाळणेवाल्याने प्लास्टरचे पैसे दिले. ऑपरेशनचा विषय निघताच मात्र त्याने खिडकीवरची पाटी दाखवली: 'आपल्या जबाबदारीवर बसावे'. जत्रेची समिती म्हणते, आम्ही फक्त जागेची पावणी, म्हणजे लिलाव, केली. पंचायत म्हणते, आम्ही फक्त ना हरकत दाखला दिला. पैसे तिघांनी घेतले आणि खांदा मात्र एकटीचा. माझ्या मते, त्या पाळण्यावर ज्यांनी ज्यांनी कमाई केली, त्या सगळ्यांनी भरपाईत वाटा उचलावा.

जत्रेकार
भाचीचं ऐकून वाईट वाटलं, भाई. पण समितीला कशाला ओढता? मी समितीत काम केलंय. पावणीचे पैसे मांडव, वीज आणि नाटकात जातात, आम्ही फुकट राबतो. पाळण्याचा बोल्ट आम्ही ओळखणार कसा? आणि पाळण्यात बसणं म्हणजे थोडा धोका पत्करणं आलंच. १९२९ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात असाच खटला चालला होता. हिसके देणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर एक तरुण पडला, गुडघा मोडला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी भरपाई नाकारली. भित्र्यांनी घरी बसावं, असंच म्हणाले ते.

वकीलबाय
जत्रेकारबाब, निकाल अर्धाच वाचलात. त्या पट्ट्यावर पडणं हाच खेळ होता आणि आधीचे लोक पडताना त्याला दिसत होते. धोका लपलेला असता तर गोष्ट वेगळी, हेही त्याच निकालात आहे. पोट ढवळणं, मान आखडणं हे तिकिटाबरोबर येतं. सुटलेली कडी येत नाही.

पाटीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी अशी पाटी लावून झटकता येत नाही, १९७७ पासून तसा कायदाच आहे. आपल्या विधी आयोगाने २००६ च्या १९९ व्या अहवालात असल्या अटींविरुद्ध शिफारस केली होती. तसा स्वतंत्र कायदा काही झाला नाही. तरी पाटी म्हणजे ढाल नव्हे. मुलगी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असेल तर तिच्याशी करारच होत नाही, ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच हे ठरवलंय.

म्हापशेकारबाब, तुम्ही आधी ग्राहक आयोगात जा. तिकीट बापाने काढलं असलं तरी सेवा घेणारी मुलगी ग्राहकच धरतात. आयोगाची पायरी तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. शंभराच्या तिकिटाला जिल्हा आयोग पुरतो आणि फी शून्य. मुदत दोन वर्षं. पोलिसांत तक्रार केली नसेल तर तीही करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

जत्रेकार
तीन वर्षं कैद कोणाला? बटण दाबणाऱ्या विशीतल्या पोराला. मालक त्या रात्री दुसऱ्या फेस्ताच्या फेरीत, म्हणजे चर्चच्या सणाच्या बाजारात, असतो.

वकीलबाय
ही भीती खरी आहे, म्हणूनच दिवाणी बाजू महत्त्वाची. पण मालक नेहमीच सुटतो असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातच केरीला पॅराग्लायडिंग करताना पर्यटक तरुणी आणि चालक दोघेही गेले, तेव्हा गुन्हा कंपनीच्या मालकावर नोंद झाला होता.

लोखंडवाला
मी मेकॅनिकल इंजिनियर, आता निवृत्त. पाळणा सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट पहिल्या दिवशी मिळतं आणि जत्रेची फेरी आठ-दहा दिवस चालते. भात कापलेल्या शेतात लाकडी ठोकळ्यांवर पाळणा उभा करतात. थरथरीने ठोकळे खचतात, नट ढिले होतात, पिनेतली क्लिप हरवली की तिथे खिळा किंवा तार येते. पहिल्या दिवसाचा कागद पाचव्या रात्री काय कामाचा? रोज संध्याकाळी रिकामी फेरी, प्रत्येक कडी हाताने ओढून बघणं आणि वहीत सही, एवढं तरी हवं. कोर्टात ती वही मागा. नसेल तर तुमचं अर्धं काम झालं. अहमदाबादला कांकरियात जुलै २०१९ मध्ये पाळणा तुटून दोघे गेले. तो ट्रकातून आलेला नव्हता, कायमच्या पार्कातला होता. तेव्हा फिरत्या गरिबांनाच दोष देऊ नका.

सासष्टीकार
पंचायतीचं काय? दाखला देताना शुल्क घेते ना?

वकीलबाय
इथे मी म्हापशेकारांच्या बाजूने नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमाच्या आगीच्या प्रकरणात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि महापालिकेला भरपाईतून वगळलं. ८५ टक्के थिएटर मालकाने आणि १५ टक्के वीज मंडळाने द्यायचे, असं ठरलं. नुसत्या दाखल्यावर पंचायत अडकवणं कठीण.

म्हापशेकार
मग चांदणी चौकातला कोसळलेला घड्याळाचा मनोरा? १९६६ च्या निकालात कोर्टाने दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलंच होतं.

वकीलबाय
तो मनोरा महापालिकेच्याच मालकीचा आणि ताब्यात होता. मनोरा आपण होऊन कोसळत नाही, तेव्हा दोष नव्हता हे मालकाने दाखवावं, असा तो निकाल. तुमच्या पाळणेवाल्याला तो चपखल बसतो, पंचायतीला नाही. समिती या दोघांच्या मधे आहे. जागा तिची, भाडं तिचं आणि गर्दी तिने बोलावलेली. तिला प्रतिवादी कराच, शेवटी काय ठरेल ते ठरेल.

जत्रेकार
करा. पुढच्या वर्षी समितीत नाव द्यायला कोण येतो बघू. त्यापेक्षा पावणीच्या अटींतच विमा घाला ना! विमा नाही तर बोली नाही. आमच्याकडे मांडवाचा विमा काढतात, पाळण्याचा का नको? १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे म्हणे.

वकीलबाय
तो घातक रसायनांसाठी आहे, पाळण्यांसाठी नाही. पण तुमच्या अटीला कायदा लागतोय कशाला? समितीच्या ठरावाने भागतं.

म्हापशेकार
आणि लोखंडवालाबाबांची वहीही त्याच ठरावात घाला. तक्रारीत मात्र मी समितीचं नाव ठेवणार, जत्रेकारबाब. रागावू नका.

जत्रेकार
रागावलो आहेच. पण ठरावाचा मसुदा पाठवा, देवळाच्या महाजनांच्या सभेत वाचतो.