मदत हवी आहे: ग्रीकमध्ये कपड्यांचं वर्णन करताना लिंग आणि रंग जुळत नाहीत

पिरेअसची_पाहुणी

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या जहाज कंपनीतल्या नोकरीमुळे सप्टेंबरपासून आम्ही ग्रीसमध्ये पिरेअसला राहतो आहोत. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी ग्रीक शिकायला जाते. अक्षरं, अंक, 'काली मेरा, काली स्पेरा' इथपर्यंत गाडी सुरळीत चालली होती. कपड्यांचा धडा आला आणि अडले.

गृहपाठ साधा होता: घरातल्या माणसांनी काय घातलंय ते पाच वाक्यांत लिहा. पाचपैकी चार चुकली. बाईंनी दुरुस्त करून दिली, पण कारण ग्रीकमध्येच सांगितलं आणि ते मला अर्धंमुर्धंच कळलं. वर्गात मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही कुणी नाही. म्हणून इथे विचारते आहे. मी वहीत लिहिली होती तशीच वाक्यं देवनागरीत देते:

फोराओ आस्प्रोस पुकामिसो. (मी पांढरा शर्ट घातलाय.)
ओ आन्द्रास मू फोराई ब्ली पान्देलोनी. (नवऱ्याने निळी पँट घातलीय.)
ई कोरी मू फोराई कोकिनी फूस्ता. (मुलीने लाल स्कर्ट घातलाय.)
ओ योस मू फोराई एनास माव्रोस स्कूफोस. (मुलाने काळी लोकरी टोपी घातलीय.)
फोराओ माव्री काल्त्सेस. (मी काळे मोजे घातलेत.)

फक्त स्कर्टचं बरोबर आलं. शर्ट जर 'तो' आहे, तर 'आस्प्रोस' का चालत नाही? निळ्याला बाई म्हणतात 'ब्ले', आणि ते कुठेच बदलत नाही म्हणे. टोपीच्या शेवटचा 'स' त्यांनी खोडला, तो का? शिवाय पुकामिसोच्या आधी 'तो' लागतं, फूस्ताच्या आधी कधी 'ई' तर कधी 'ती'. 'तो' ऐकलं की माझ्या डोक्यात पुल्लिंगच येतं.

मे महिन्यात पहिल्या पातळीची परीक्षा द्यायचा विचार आहे. पाया कच्चा ठेवून पुढे जायचं नाही, म्हणून सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

सलोनिकाकर

ताई, तुमच्या चुका अगदी मराठी माणसाच्या आहेत. मीही याच केल्या होत्या.

मराठीसारखीच ग्रीकमध्ये तीन लिंगं आहेत. ही आपली मोठी सोय आहे, कारण 'पांढरा सदरा, पांढरी टोपी, पांढरं धोतर' हे आपण विचार न करता बोलतो. 'आस्प्रोस, आस्प्री, आस्प्रो' हे तेच आहे. गडबड होते ती कपड्याचं मराठी लिंग आपण ग्रीकमध्ये घेऊन जातो म्हणून. शर्ट आपल्याकडे पुल्लिंगी, पण पुकामिसो नपुंसकलिंगी. पँट स्त्रीलिंगी, पान्देलोनी नपुंसकलिंगी. स्कर्ट पुल्लिंगी, फूस्ता स्त्रीलिंगी. स्कर्टचं वाक्य बरोबर आलं, कारण मराठीतला 'लाल' बदलत नाही. मनात 'लाल'ला शेपूट नव्हतं, म्हणून तुम्ही नुसत्या ग्रीक शब्दाकडे पाहिलंत. तसंच सगळीकडे पाहायचं.

आणि 'लाल'वरूनच 'ब्ले' समजून घ्या. लाल सदरा, लाल टोपी, लाल धोतर. ब्ले, रोझ, ग्री, काफे, बेझ, मोव्ह हे रंग ग्रीकने बाहेरून घेतले आणि त्यांना प्रत्यय लावलेच नाहीत. पांढरा, काळा (माव्रोस), लाल (कोकिनोस), हिरवा (प्रासिनोस), पिवळा (कित्रिनोस) हे बदलतात. पट्ट्यापट्ट्यांचं 'रिये' आणि चौकड्यांचं 'कारो' हेही बदलत नाहीत.

आता 'तो'. ग्रीकमध्ये नामाआधी एक छोटा शब्द येतो: पुल्लिंगाला 'ओ', स्त्रीलिंगाला 'ई', नपुंसकलिंगाला 'तो'. म्हणजे तिथला 'तो' आपला 'ते' आहे. हा गोंधळ मोडायला मी महिनाभर घरातल्या प्रत्येक वस्तूला 'तो' लावून मोठ्याने मराठी अर्थ म्हणायचो: तो पुकामिसो, ते पुकामिसो, तो कापेलो, ते कापेलो. मजेची गोष्ट म्हणजे कर्म झालं की स्त्रीलिंगी 'ई'चं 'ती' किंवा 'तिन' होतं, म्हणजे तिथे आपली 'ती' बरोबर बसते.

टोपीच्या 'स'चं उत्तर शाळेतल्या संस्कृतात आहे. कर्ता असताना रामः, कर्म झाला की रामम्. फलम् मात्र दोन्हीकडे फलम्. मराठीत 'टोपी घातली' म्हणताना टोपी कर्म असूनही तिला काही चिकटत नाही, म्हणून आपल्याला द्वितीया जाणवतच नाही. ग्रीकमध्ये निर्जीव वस्तूलाही ती लागते. ओ स्कूफोसचं तोन स्कूफो, एनास माव्रोस स्कूफोसचं एनान माव्रो स्कूफो. नपुंसकलिंगी कपडे फलम् सारखे, काही होत नाही. स्त्रीलिंगात नाम तसंच राहतं, आधीचा शब्द बदलतो: ई फूस्ता छान आहे, पण मी घालते ती फूस्ता. पुढचा शब्द स्वराने किंवा क, प, त, ब, त्स अशा आवाजाने सुरू झाला की 'न' टिकतो, म्हणून तिन ब्लूझा, तिन काल्त्सा.

नवशिक्यांसाठी दिलासा असा की रोजचे बहुतेक कपडे नपुंसकलिंगी किंवा स्त्रीलिंगी आहेत. नाम बदलण्याची वेळ स्कूफोससारख्या मोजक्या शब्दांवरच येते.

मोज्यांचं: काल्त्सा स्त्रीलिंगी, अनेकवचन काल्त्सेस, म्हणून माव्रेस काल्त्सेस. अनेकवचनात आस्प्री, आस्प्रेस, आस्प्रा असा क्रम आहे.

आणि एक कळकळीची विनंती. वहीत देवनागरी लिहिणं आजच थांबवा. पान्देलोनी आणि झोनी (पट्टा) दोन्ही आपण 'ई'कारान्त लिहितो, पण ग्रीकमध्ये पहिल्याच्या शेवटी 'योता' आहे, दुसऱ्याच्या शेवटी 'ईता'. योता दिसला की नपुंसकलिंग, ईता दिसला की स्त्रीलिंग, असं बहुतेक वेळा चालतं. एकवचनी स्त्रीलिंगी आस्प्री आणि अनेकवचनी पुल्लिंगी आस्प्री ऐकायला एकच, लिहायला वेगळे. लिंग ओळखायची किल्ली त्यांच्या स्पेलिंगमध्ये आहे आणि देवनागरीत लिहिलं की ती नेमकी हरवते.

पायपोस

माझं नावच या धाग्यासाठी असावं! ग्रीकमध्ये बुटाला 'पापूत्सी' म्हणतात, अनेकवचन 'ता पापूत्स्या'. तो शब्द तुर्कीतून आला आणि तुर्कीत फारसीतून. आपला 'पायपोस'ही त्याच फारसी शब्दाचा. 'कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही' म्हणताना आपण ग्रीकांचा बूटच उच्चारत असतो. पुकामिसोत आपल्या 'कमीज'चा नातेवाईक दडला आहे आणि 'पिद्झामा' तर सरळ आपला पायजमा. असे शब्द मनात पक्के बसतात.

उच्चाराचंही सांगतो. पापूत्सी, काल्त्सा यांतला 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक', 'चूल' मधला च. पिद्झामातला आवाज 'जाळं' मधला ज. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यावर मेहनत घ्यावी लागते, आपल्याला तो जन्मतःच मिळालेला आहे.

पिरेअसची_पाहुणी

किती आभार मानू! रामः-रामम् वाचलं आणि टोपीचा 'स' का गेला ते लख्ख दिसलं. वही बदलली आहे. फक्त फोरेमा (झगा) इथे अडले. शेवटी 'आ' आहे म्हणून मी स्त्रीलिंगी धरला, पुस्तकात 'तो फोरेमा' आहे. आणि 'माझा शर्ट' म्हणताना पुकामिसोवर दोन आघातचिन्हं का? १९८२ पासून शब्दावर एकच चिन्ह देतात असं बाई म्हणाल्या होत्या.

सलोनिकाकर

शेवटी नुसता 'आ' असेल तर बहुधा स्त्रीलिंग, पण शेवट 'मा' असा दिसला की आधी नपुंसकलिंगाचा संशय घ्या. ही नामं अनेकवचनात लांबतात: ता फोरेमाता.

'मू' म्हणजे माझा-माझी-माझं. तो नामाच्या मागे येतो आणि लिंगाप्रमाणे बदलत नाही, एवढं तरी सोपं आहे. पण तो स्वतः आघात घेत नाही, आधीच्या शब्दाला टेकून उभा राहतो. पुकामिसोत आघात 'का'वर, म्हणजे शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे. त्यामागे 'मू' आला की बिनआघाताची शेपटी फार लांब होते, म्हणून 'सो'वर दुसरा आघात येतो. पान्देलोनीत आघात 'लो'वर आहे, तिथे असं होत नाही.

भूतकाळाबद्दल आत्ताच सावध करतो. आपण 'सदरा घातला, टोपी घातली, धोतर घातलं' म्हणतो, क्रियापद कपड्याप्रमाणे फिरतं. ग्रीकमध्ये 'फोरेसा' म्हणजे 'मी घातलं', मग कपडा कुठलाही असो. तिथे लिंग शोधत बसू नका.

दुकानात मात्र लिंग लागतं. शर्ट घ्यायचा ठरला तर 'तो पेर्नो', स्कर्ट घ्यायचा ठरला तर 'तिन पेर्नो'. किंमत विचारायला 'पोसो कानी?' पुरे.

पिरेअसची_पाहुणी

दुरुस्त वाक्यं, कृपया एकदा नजर टाका:

फोराओ एना आस्प्रो पुकामिसो.
ओ आन्द्रास मू फोराई ब्ले पान्देलोनी.
ई कोरी मू फोराई म्या कोकिनी फूस्ता.
ओ योस मू फोराई एनान माव्रो स्कूफो.
फोराओ माव्रेस काल्त्सेस.

सलोनिकाकर

पाचही बरोबर. आता हीच ग्रीक अक्षरांत लिहा आणि उद्या बाईंना दाखवा.