नवीन तारा किती दिवसांत 'बसतात'? आपापले अनुभव सांगा

मांजराकाठचा
पुतण्याची गिटार दोन वर्षं कपाटावर पडून होती. काल खाली काढली तर तारा पार काळ्या, चौथ्या तारेवर बोट फिरवलं की बोटाला हिरवट लागायलं. नवा सेट टाकला आणि पहिल्यांदा नुसता जी कॉर्ड वाजवला ना मालक, रिकाम्या हंड्यात नळाची पहिली धार पडती तसा आवाज. पुतण्या म्हणतो काका ही दुसरीच गिटार आहे.

मला मात्र एकदम २००८ चं आमचं गॅदरिंग आठवलं. मी शहाण्यानं दुपारी चारला तारा बदलल्या, कार्यक्रम सहाला. पहिलं कडवं संपेस्तोवर दुसरी तार अशी उतरली की कोरस एका पट्टीत अन् मी एका. गाता गाता खुंटी पिळायलो, ती वर आली की तिसरी खाली. शेवटी पेटीवाल्या मित्रानं माझ्याकडं न बघताच जोरात पेटी दाबली म्हणून निभावलं. मागून एकजण ओरडला, "आधी दोरी आवळ रे!" कॉलेज संपेस्तोवर माझं नाव दोरी.

तर सांगा, तुमच्या तारा बसायला किती दिवस लागतात? आणि कोरा आवाज आवडतो का बसलेला?

जिंतूरची
कुकर लावून लिहायले, शिट्टी झाली की जाते. लेकीनं तारा बदलल्या तेव्हा मला लई कर्कश वाटलं, म्हणलं जुन्याच बऱ्या होत्या गं. आठवडाभरानं गोड वाजायला लागलं तर मी सगळ्यांना सांगितलं की पोरगी सुधारली. मग कळलं की तारा सुधारल्या होत्या.

गुलमंडीतला_बेसूर
दोरीभाऊ 😂😂
यात दोन गोष्टी हायेत, लोक एकच समजतात. सूर बसणं वेगळं आणि आवाज बसणं वेगळं.

सूर उतरतो तो पोलाद लांबतं म्हणून कमी, खुंटीवरचे वेढे आवळतात आणि खाली ब्रिजच्या (तारा अडकवायची पट्टी) पिनेखाली तारेच्या टोकाची गोळी जागेवर बसती म्हणून जास्त. मी दोन-तीनच वेढे ठेवतो, एकावर एक चढू देत नाही. सुरात लावायची, मग बाराव्या फ्रेटपाशी (दांड्यावरची आडवी पट्टी) तार बोटानं हळूच उचलायची, मांजा ताणून बघतो तशी. पाचवी तार 'ए' सुराला, म्हणजे ११० हर्ट्झला लावलेली असती, ती पहिल्या ओढीत 'जी शार्प'पर्यंत, म्हणजे अर्धा सूर खाली येती. परत लाव, परत ओढ. चार-पाचदा केलं की मग हलत नाही, अर्ध्या तासाचं काम. पहिली-दुसरी जपून, तोंड लांब ठेवून, नायतर डोळ्यात जाईल.

आवाज बसायला मात्र दिवसच लागतात. जाड तारांवर जी गुंडाळी असती तिच्या फटीत घाम, तेल, बोटाची मेलेली कातडी जाऊन बसती आणि वरचे बारीक स्वर दबतात. पहिल्या-दुसऱ्या तारेला गुंडाळीच नसती म्हणून त्या नुसत्या गंजतात. तुला दोन तासात फक्त सुराचं काम करायचं होतं, तेच केलं नाहीस.

मांजराकाठचा
@गुलमंडीतला_बेसूर हे तेव्हा कुठं होतास रे भाऊ

गुलमंडीतला_बेसूर
तेव्हा मी सातवीत होतो काका

मांजराकाठचा
काका म्हणू नकोस

तुळजापूर_वेशीवर
गिटार नाही वाजवत पण आमच्या घरात तुणतुणं होतं. आजोबा गोंधळाला जायचे. कोरी तार घातलेलं तुणतुणं जागरणाला न्यायचं नाही हा त्यांचा नियम, आधी दोन दिवस घरात वाजवायचं. ओसरीवर बसून नुसतं टुंग टुंग टुंग, आजी वैतागायची. एकदा ऐनवेळी तार तुटली आणि नवी घालून गेले, रात्रभर संबळ वाजतंय आणि हे खुंटीला हात लावून बसलेले, एक तार तर सगळी, तीच उतरायली. सकाळी घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत.

बिंदुसरा
आमच्या बीडात मे महिन्यात तारा बसायचा प्रश्नच येत नाही, माणूसच बसतो. पत्र्याची खोली, बेचाळीसच्या पुढं पारा, गिटारला हात लावला तर घामानं तार सुळसुळीत. माझ्या हाताला घाम लई, दहा दिवसात सेट खलास. मित्राचा दोन महिने टिकतो, त्याचे हात कोरडे. आता आधी हात धुतो आणि झाल्यावर जुन्या बनियनच्या तुकड्यानं एकेक तार खालून-वरून पुसतो, फरक पडला. आणि एक, उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं तेव्हा फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात. मला वाटलं तारांचा दोष, उगंच दोन सेट बदलले.

जिंतूरची
आमच्याकडं पण तसंच लागतं हाताला. मग काय करायचं हो दादा?

बिंदुसरा
ताई, गिटार केसमध्ये ठेवा आणि आत साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज. कूलरच्या वाऱ्यात नको.

बोलघेवडा_उदगीर
मला कोऱ्या तारा अजिबात आवडत नाहीत. कॉर्ड बदलताना बोट सरकलं की चीं चीं, रेकॉर्डिंगमध्ये तेच ऐकू येतं. नवा सेट टाकला की तीन दिवस मुद्दाम टुकार गाणी वाजवून घ्यायची, चौथ्या दिवशी खरं काम.

गोदाकाठ
@बोलघेवडा_उदगीर याच्या बरोब्बर उलट मी. पहिल्या दोन दिवसाचा आवाज मिळतो म्हणून तर पैसे द्यायचे. एका दादानं सांगितलेलं की ८०/२० च्या तारा म्हणजे गुंडाळीत ८० टक्के तांबं २० टक्के जस्त, नाव ब्रॉन्झ पण खरं तर पितळच, जास्त चमकतं आणि लवकर मरतं. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, बाकी बहुतेक कथील, ते सुरवातीपासूनच जरा मऊ आणि जास्त दिवस तसंच राहतं. दोन्ही लावून बघितले, खरंय. उदगीरकरांनी फॉस्फरच घ्यावं, तीन दिवस टुकार गाणी वाजवायची गरज नाही (तरी वाजवतीलच म्हणा).

बोलघेवडा_उदगीर
😐

दुधनेवरून
जुन्या तारा उकळून परत लावायच्या असं कुणीतरी सांगितलं. उकळल्या. खरंच कोऱ्यासारख्या वाजल्या, मळ निघतो ना फटीतला. पण दोनच दिवस, मग परत ठप्प. आणि मी त्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या होत्या. संध्याकाळी बायकोनं विचारलं चहाला लोखंडी वास काहून यायलाय. तिला अजून खरं माहीत नाही, कुणी ओळखत असाल तर तोंड बंद.

जिंतूरची
आव माय 🤣 वहिनींचा नंबर द्या

तानपुरेवाली
आमच्या तानपुऱ्याला तारा बदलल्या की आधी सूर धरायला वेळ, मग जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली घालतात तो) परत लावायचा, तो तांदूळभर इकडंतिकडं झाला तरी आवाज मिटतो. तानपुरा मिरजेचा, बाबांनी आणलेला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ते म्हणाले होते, बघ, मिरजेवाले आपल्याला आधी सूर देतात अन् मग पाणी.

मांजराकाठचा
@तानपुरेवाली ताई तेव्हा मी इथंच होतो. तेव्हापासून हंड्यात धार पडल्याचा आवाज आला की अंग मोहरतं, म्हणून वर तेच सुचलं असंल.

गोदाकाठ
आणि हंडा भरत आला की आवाज बदलत जातो ना, तारेचं पण तसंच म्हणायचं.

बिंदुसरा
आमच्याकडं हंडा भरायच्या आत नळच जातो 😄

नवखा_वसमत
सेट कुठला घ्यावा १० चा का १२ चा (तारेची जाडी)? बोटं लई दुखायलीत

गुलमंडीतला_बेसूर
१० घे. १२ चा आवाज भरीव आहे पण सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो, नवख्याची बोटं सोलून निघतात. एक-दोन महिन्यांनी ११ वर जा.

मांजराकाठचा
मंडळी, बेसूरचं ऐकून आत्ताच ताणायला बसलो होतो. पाचवी, चौथी, तिसरी मस्त बसल्या. पहिली टण्णकन तुटली. डोळा वाचला, पण पुतण्या माझ्याकडं असा बघायलाय की बोलायची सोय नाही. पहिली एकटी सुटी मिळती का कुठं? लातुरात आज बंद आहे दुकान.

बोलघेवडा_उदगीर
दोरी तुटली म्हणा की