स्टीलच्या ट्रॉलीत जीव असतो तो चाकांत, ३०४ च्या शिक्क्यात नाही

पाना-पक्कड
स्टीलची ट्रॉली घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "३०४ आहे ना?" म्हणजे स्टेनलेस स्टीलची ३०४ ही ग्रेड. चाकं कोणती, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यातल्या पत्रा गंजलेल्या थोड्या, चाकं जाम झालेल्या जास्त. आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात. रोज गरम पाण्याचा मारा केला की बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. चाकाला धरणारा काटा साध्या लोखंडाचा, वरून झिंकचा मुलामा, तो गंजला की तांबडा ओघळ पायावर दिसतो आणि मालक ओरडतो, "स्टील खोटं निघालं!"

वजनाचा हिशोबही चुकतो. ट्रॉली आणि सामान मिळून १५० किलो असेल तर चारने भागून भागत नाही. जमीन सपाट नसते, एक चाक अधांतरी राहतं. तीनने भागा, म्हणजे प्रत्येक चाक ५० किलोचं हवं. व्यासही बघा. ७५ मिमीचं चाक लिफ्टच्या फटीत अडकतं तिथे १२५ मिमीचं सहज पार होतं.

माझं मत सरळ आहे: जास्तीचे पैसे चाकांवर घाला, ३०४ चा हट्ट सोडा.

खारटपाणी
अजिबात सहमत नाही. चाक चार बोल्ट सोडवून बदलता येतं. पत्र्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागले की काय बदलणार?

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०१ या स्वस्त ग्रेडमध्ये महागडं निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. कोरड्या खोलीत फाइली वाहायच्या असतील तर २०१ चालेल, त्याबद्दल भांडण नाही. पण जिथे रोज धुणं आहे, मीठ आहे, आंबट सांडतं, तिथे ते लवकर हार मानतं. समुद्राची हवा असेल तर मी ३१६ च म्हणेन, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं.

आणि ते लोहचुंबकाचं नाटक! चुंबक चिकटला नाही म्हणून ३०४, असं दुकानात छातीठोक सांगतात. २०१ लाही चिकटत नाही. चुंबकाने पकडला जातो तो ४३० सारख्या ग्रेडचा पत्रा. उलट अस्सल ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला असतो त्या कोपऱ्यावर चुंबक किंचित ओढला जातो आणि गिऱ्हाईक चांगला माल परत करतं.

घासणीताई
दोघेही खरेदीपाशीच थांबलात. आमच्याकडच्या ट्रॉल्या ३०४ च्याच, चाकंही उत्तम. नवीन माणसाने रात्री ब्लीचच्या पाण्याने पुसून तसंच सोडायला सुरुवात केली, वरून साधं पाणी नाही. काही आठवड्यांत खालच्या फळीच्या कोपऱ्यांत तपकिरी ठिपके. स्टीलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर. ओरखडा पडला तर हवेने तो आपोआप भरतो, पण साचून वाळणाऱ्या क्लोरीनसमोर टिकत नाही. ठिपके घालवायला मग तारेची घासणी आली! तिचे लोखंडी कण पत्र्यात रुतले आणि तेच गंजले.

सौम्य साबण, मऊ फडकं, पॉलिशच्या रेघांच्या दिशेने पुसणं, साध्या पाण्याने धुऊन कोरडं करणं. यातलं कोरडं करणंच सगळे विसरतात.

पाना-पक्कड
ताई, ब्लीचचं शंभर टक्के मान्य. पण बघा, ३०४ असूनही डाग पडलेच ना? मग शिक्क्याचा उपयोग काय झाला?

खारटपाणी
हे म्हणजे हेल्मेट असूनही खरचटलं, म्हणून हेल्मेट फुकट. त्याच जागी २०१ असतं तर ठिपक्यांवर भागलं नसतं. आणि वेल्डिंग बघता की नाही? जोडाशेजारी निळी-तपकिरी झाक तशीच सोडलेली असेल तर त्या पट्ट्यात क्रोमियम कमी झालेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो.

नवखा
मला पुढच्या आठवड्यात दोन घ्यायच्या आहेत. वेल्ड केलेली की बोल्टची? दुकानदार १८ गेज म्हणतोय, ते चांगलं का?

घासणीताई
धुवायची असेल तर वेल्डची. बोल्टच्या फटीत पाणी मुरतं.

पाना-पक्कड
मी बोल्टचीच घेईन. एक पाय वाकला तर तेवढाच बदलता येतो. फक्त स्टेनलेसचे नट-बोल्ट मशीनने सपाट्याने आवळू नका, आटे एकमेकांना असे धरतात की कापूनच काढावे लागतात. आधी वंगण, मग हाताने.

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ म्हणजे साधारण १.२ मिमी, २० म्हणजे ०.९ च्या आसपास. सरळ मिमी विचारा. आणि कडा आत दुमडलेली आहे का ते बोट फिरवून बघा, तिच्यामुळे फळी ताठ राहते आणि हातही कापत नाही.

खारटपाणी
आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. तोंडी ३०४ सगळेच असतात. मँगेनीज ओळखणारं द्रावण मिळतं, एक थेंब टाकला की २०१ चा रंग वेगळा दिसतो. ते नेतो म्हटलं की दुकानदाराचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

नवखा
जाऊन आलो. द्रावणाचं नाव काढल्यावर त्याने आतून दुसरी ट्रॉली आणली, बिलावर ३०४ लिहायला तयार आहे. पण रिकामी ढकलली तरी एक चाक थरथरतं. म्हणतो, चाक बदलून देतो.

पाना-पक्कड
कुठलं देतो, विचारलंत?